वक्राकार इमारतीची वर्किंग ड्रॉइंग्ज कशी तयार करावीत: नव्या आर्किटेक्ट आणि ड्राफ्ट्समनसाठी मार्गदर्शन

वक्र भिंत संगणकाच्या पडद्यावर काढायला क्षणभर पुरतो, पण ती जागेवर उभी करणाऱ्या गवंड्याला चार गोष्टी लेखी मिळाव्या लागतात: वर्तुळाचे केंद्र कुठे आहे, त्रिज्या किती आहे, ती त्रिज्या भिंतीच्या नेमक्या कोणत्या रेषेची आहे आणि वक्र कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत जातो. यांपैकी एक जरी ड्रॉइंगवर नसेल, तर काम थांबते. किंवा त्याहून वाईट म्हणजे थांबत नाही आणि मिस्त्री अंदाजाने गोलाई देऊन मोकळा होतो. कोल्हापुरात मोठ्या कामांवर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, येते हे खरे, परंतु बंगले, दुकानगाळे आणि लहान अपार्टमेंट यांचे लाइनआउट, म्हणजे ड्रॉइंगवरची मापे जमिनीवर आखणे, आजही प्रामुख्याने टेप, दोरी, ओळंबा, गुण्या आणि पाण्याची लेव्हल ट्यूब यांवरच होते. म्हणून या लेखात सांगितलेली पद्धत ही साधने गृहीत धरते. यंत्र उपलब्ध असेल तर तेच ड्रॉइंग अधिक वेगाने वापरता येते, इतकेच.

आकाराची ओळख

ड्रॉइंगला हात लावण्यापूर्वी डिझाइनमधला प्रत्येक वक्र कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे. आराखड्यात दिसणारा वक्र एकाच वर्तुळाचा कंस असू शकतो, एकमेकांना जोडलेल्या अनेक कंसांचा बनलेला असू शकतो, किंवा ज्याची त्रिज्या प्रत्येक बिंदूला बदलते असा मुक्त वक्र असू शकतो. उंचीचा विचार केला तर दंडगोल आणि शंकू एका दिशेने वाकलेले असतात, त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग कागदासारखा सपाट उलगडता येतो. घुमटासारखे दोन्ही दिशांनी वाकलेले पृष्ठभाग तसे उलगडत नाहीत. या दोहोंच्या मध्ये सरळ रेषांनी घडवता येणारे पृष्ठभाग आहेत. हायपरबोलिक पॅराबोलॉइड छत दिसायला दुहेरी वाकलेले असते, पण त्याच्या सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतण्यासाठीच्या तात्पुरत्या साच्याच्या) फळ्या सरळच बसतात, हा त्याचा मोठा फायदा.

पूर्ण वर्तुळ सर्वांत सोपे असते, कारण त्याचे केंद्र बहुधा मोकळ्या जागेत सापडते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली उभे राहिलेले खासबाग कुस्ती मैदान किंवा खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाचे गोल उघडे छत पाहिले, तर केंद्र, त्रिज्या आणि केंद्राभोवती फिरणारी रचना डोळ्यांनीच वाचता येते. नवशिक्यांनी ही दोन ठिकाणे एकदा टेप घेऊन पाहावीत, असे मला वाटते. पुस्तकातल्या दहा आकृत्यांहून त्यांतून अधिक कळते.

जगातल्या अवघड इमारतींचा अनुभवही हेच सांगतो. सिडनी ऑपेरा हाउसच्या कवचांचा मूळ आकार मोजमापात बसत नव्हता. १९६१ च्या सुमारास यॉर्न उटझॉन यांनी सर्व कवचे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे मानली, तेव्हा एकाच प्रकारचे भाग पुन्हा पुन्हा ओतणे शक्य झाले. दिल्लीच्या लोटस टेंपलच्या पाकळ्याही वरवर मुक्त वाटतात, परंतु फरिबोर्झ साहबा यांच्या त्या रचनेची भूमिती गोल, दंडगोल, शंकू आणि वलय यांसारख्या ठरावीक आकारांतून बांधलेली आहे. आकाराला अशा मोजता येणाऱ्या घटकांत बसवणे हे डिझाइनचेच काम आहे. ते वर्किंग ड्रॉइंगवर किंवा साइटवर ढकलू नये.

मुक्त वक्राचे कंसांत रूपांतर

ऑटोकॅड किंवा ऱ्हायनो या सॉफ्टवेअरमध्ये स्प्लाइनने, म्हणजे ठरावीक बिंदूंवरून आकार घेणाऱ्या मुक्त वक्राने, काढलेली रेषा देखणी असते, पण तिला एक त्रिज्या नसते. तिचे आपोआप पॉलिलाइनमध्ये रूपांतर केले तर अनेकदा शेकडो बारीक तुकडे होतात आणि त्यांवर मापे टाकणे अशक्य होते. त्याऐवजी मूळ स्प्लाइन वेगळ्या लेयरवर ठेवावी, तिच्यावर शक्य तितके कमी कंस हाताने बसवावेत आणि मूळ रेषेपासून कंस जास्तीत जास्त किती दूर जातो हे तपासावे. प्लास्टर होणाऱ्या भिंतीसाठी १० मिलिमीटरपर्यंतचा फरक मी स्वीकारतो. डोळ्याला तो दिसत नाही. त्रिज्याही ८.७३४२ मीटर अशा न ठेवता ८.७५० अशा गोल आकड्यांवर आणाव्यात.

दोन कंस जोडताना एक नियम कधीही मोडू नये: दोन्ही केंद्रे आणि जोडबिंदू हे तीन बिंदू एका सरळ रेषेत असले पाहिजेत. इंग्रजी एस अक्षरासारख्या उलटसुलट वक्रातही हाच नियम लागू आहे, फक्त तेथे जोडबिंदू दोन केंद्रांच्या मध्ये येतो. सरळ भिंत कंसाला मिळते तेथे जोडबिंदूतून जाणारी त्रिज्या भिंतीला काटकोनात हवी. हा नियम पाळला नाही तर भिंतीत पुसट मोड येतो, जो दुपारच्या तिरप्या उन्हात प्लास्टरवर स्पष्ट दिसतो आणि नंतर कितीही पुट्टी भरली तरी जात नाही. ड्रॉइंगवर प्रत्येक जोडबिंदूला स्वतंत्र खूण आणि क्रमांक द्यावा.

मूळ बिंदू, अक्ष आणि केंद्रे

प्रत्येक वक्राकार इमारतीसाठी फक्त लाइनआउटचे एक वेगळे ड्रॉइंग असावे. त्यावर फर्निचर, दारांच्या झडपा, फरशीची नक्षी यांपैकी काहीही नसावे. प्लॉटच्या हद्दीवरील न हलणाऱ्या दोन खुणा घेऊन त्यांच्या आधारे एक मूळ बिंदू आणि एकमेकांना काटकोनातील दोन अक्ष ठरवावेत, मग प्रत्येक केंद्राची, जोडबिंदूची आणि कॉलमच्या मध्याची या दोन अक्षांपासूनची अंतरे तक्त्यात द्यावीत. तक्त्यात बिंदूचे नाव, आडवे अंतर, उभे अंतर, त्रिज्या आणि शेरा इतके पाच रकाने पुरतात.

त्रिज्येच्या दिशेने जाणाऱ्या अक्षांना फक्त कोन देऊन थांबणे ही नव्या ड्रॉइंगमध्ये सर्रास आढळणारी उणीव आहे. १२ मीटर त्रिज्येवर एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे २०९ मिलिमीटर. २८.९५५ अंशांचा कोन सोयीसाठी २९ लिहिला तरी त्या त्रिज्येवर बिंदू ९ मिलिमीटर सरकतो. शिवाय साइटवर कोन मोजण्याचे साधन बहुधा गुण्या एवढेच असते. म्हणून लगतच्या कॉलमांच्या मध्यांमधील सरळ अंतर, म्हणजेच जीवा, नक्की द्यावी. १२ मीटर त्रिज्येवर १५ अंशांनी ठेवलेल्या कॉलमांमधील कंसाची लांबी ३१४२ मिलिमीटर होते, पण टेपने सरळ मोजले जाणारे अंतर ३१३३ मिलिमीटर असते. कोणते माप कशाचे आहे हे लिहिले नाही, तर प्रत्येक कॉलममागे ९ मिलिमीटरची चूक साठत जाते. चौकोनी कॉलम केंद्राकडे तोंड करून फिरवले असतील तर त्यांच्या एका बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांची मापे द्यावीत. त्यापेक्षा गोल कॉलम घेता आले तर हा प्रश्नच उरत नाही.

पावसाळ्यात लाइनआउट असेल तर केंद्राची खुंटी मातीत ठोकून भागत नाही. कोल्हापूरच्या पावसात काळी माती फुगते आणि खुंटी हलते. केंद्रावर काँक्रीटची बुर्जी करून तिच्यात सळई रोवावी, सळईवर बिंदू कोरावा, आणि ही सूचना ड्रॉइंगवरच लिहावी.

केंद्र प्लॉटबाहेर पडते तेव्हा

गावठाणाबाहेरच्या वसाहतींतही कोपऱ्याच्या प्लॉटवर रस्त्याच्या वळणाला समांतर अशी मोठ्या त्रिज्येची दर्शनी भिंत हवी असते आणि तिचे केंद्र शेजाऱ्याच्या घरात किंवा रस्त्यापलीकडे पडते. आतल्या बाजूला केंद्र पडले तरी तेथे जुनी विहीर, झाड किंवा दुसऱ्या विंगचा पाया असू शकतो. अशा वेळी १२ मीटरची दोरी घेऊन फिरणे शक्य नसते, आणि लांब दोरी ताणली की वाढते हा वेगळाच त्रास. येथे जीवेवरून काढलेले ऑफसेट, म्हणजे जीवेपासून कंसापर्यंतची काटकोनातील अंतरे, उपयोगी पडतात, आणि नव्या ड्राफ्ट्समनने ही एक पद्धत तरी हाताने गणित करून शिकलीच पाहिजे.

राजारामपुरीतल्या एखाद्या कोपऱ्याच्या प्लॉटवर १२.००० मीटर त्रिज्येची भिंत आहे आणि तिच्या दोन टोकांमधील जीवा ६.००० मीटर आहे, असे समजू. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची, म्हणजेच फुगवटा, काढण्यासाठी त्रिज्येच्या वर्गातून अर्ध्या जीवेचा वर्ग वजा करावा, उरलेल्याचे वर्गमूळ घ्यावे आणि ते त्रिज्येतून वजा करावे. १४४ वजा ९ म्हणजे १३५, त्याचे वर्गमूळ ११.६१९, म्हणून फुगवटा ०.३८१ मीटर. मधल्या प्रत्येक बिंदूसाठी त्रिज्येच्या वर्गातून त्या बिंदूच्या जीवामध्यापासूनच्या अंतराचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावे आणि त्यातून हेच ११.६१९ वजा करावे. या भिंतीचे ऑफसेट पुढीलप्रमाणे येतात:

जीवेच्या मध्यावर ३८१ मिलिमीटर
मध्यापासून दोन्ही बाजूंना ५०० वर ३७१
१००० वर ३३९
१५०० वर २८७
२००० वर २१३
२५०० वर ११८
३००० वर, म्हणजे टोकाला, ०

साइटवर दोन्ही टोकांच्या बुर्ज्यांमध्ये दोरी ताणायची, मध्यावरून दर ५०० मिलिमीटरवर खूण करायची, प्रत्येक खुणेवर गुण्या लावून दोरीला काटकोनात तक्त्यातले अंतर मोजायचे आणि तेथे खिळा ठोकायचा. सर्व खिळे बसल्यावर त्यांना टेकवून एक पातळ लवचीक पट्टी वाकवली की वक्र डोळ्यांसमोर येतो. एखादा खिळा चुकला असेल तर पट्टी तेथे लगेच उचलली जाते किंवा त्याला टेकत नाही, त्यामुळे चूक पकडण्यासाठी वेगळ्या तपासणीची फारशी गरज पडत नाही. गवंड्याला या कामात त्रिज्या, कोन, केंद्र यांपैकी काहीही माहीत असावे लागत नाही. तक्ता मात्र अचूक आणि मोठ्या अक्षरांत हवा.

ऑफसेटचा तक्ता दोन्ही टोकांकडून न देता मध्यापासून द्यावा, कारण दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येतात आणि आरशासारखी तपासणी आपोआप होते. तक्ता मिलिमीटरमध्येच ठेवावा. आपल्याकडचे अनेक मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतात हे खरे, परंतु ३७१ मिलिमीटरचे रूपांतर करताना तोंडी हिशेबात सूतभर इकडेतिकडे होते, आणि वक्रावर सूतभर चूक दिसून येते.

वक्र भिंत पूर्ण झाल्यावर तिची त्रिज्या उलट पडताळता येते: जीवेच्या वर्गाला फुगवट्याच्या आठपटीने भागावे आणि भागाकारात फुगवट्याचा निम्मा मिळवावा. मात्र यासाठी जीवा लांब घ्यावी. वरच्याच भिंतीवर ३ मीटरची पट्टी लावली तर फुगवटा ९४ मिलिमीटर यायला हवा. तो ९० मोजला गेला तर हिशेबाने त्रिज्या १२.५४५ मीटर निघते, म्हणजे चार मिलिमीटरच्या मोजणीच्या चुकीने त्रिज्येत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. सहा मीटरच्या जीवेवर तेवढीच चूक झाली तर त्रिज्येत फक्त १२५ मिलिमीटरचा फरक पडतो. लहान पट्टीने मोजून कॉन्ट्रॅक्टरशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हे दोन आकडे दाखवावेत.

त्रिज्या कोणत्या रेषेची

सरळ भिंतीत आतली आणि बाहेरची बाजू सारख्याच लांबीची असते, वक्र भिंतीत ती नसते. वरच्या उदाहरणात १२.००० ही बाहेरच्या वीटकामाची त्रिज्या धरली तर बाहेरची लांबी ६०६४ मिलिमीटर येते आणि २३० मिलिमीटर जाडीच्या भिंतीची आतली लांबी ५९४८ येते. हा ११६ मिलिमीटरचा फरक फरशी, स्कर्टिंग, पडद्याची पट्टी आणि फर्निचर या सर्वांच्या ऑर्डरमध्ये पुढे येतो.

म्हणून त्रिज्येच्या प्रत्येक मापाबरोबर ती वीटकामाची, आरसीसीची की प्लास्टर झाल्यानंतरच्या पृष्ठभागाची हे शब्दांत लिहावे. माझा सल्ला असा की संपूर्ण सेटमध्ये एकच रेषा मुख्य मानावी, शक्यतो आरसीसी स्लॅबच्या कडेची, कारण ती सर्वांत आधी आणि सर्वांत कायम होते. बाकीच्या रेषा तिच्यापासून किती आत किंवा बाहेर आहेत हे एका मोठ्या तपशिलात दाखवावे. स्लॅबच्या कडेचे प्रत्येक मजल्याचे स्वतंत्र ड्रॉइंग द्यावे, आणि मजल्यागणिक त्रिज्या बदलत असेल तर खालच्या मजल्याची कड तुटक रेषेने त्यावर दाखवावी.

आरसीसी कन्सल्टंटशी वक्राबद्दलची चर्चा आराखडा ठरतानाच झाली पाहिजे. आराखड्यात वाकलेल्या बीममध्ये पीळ निर्माण होतो, त्यामुळे तिला बंद रिंग आणि जादा सळई लागते, आणि तिची खोलीही वाढू शकते; ती खोली नंतर खिडकीच्या वरच्या कडेला आडवी येते. वक्र फक्त बाल्कनी किंवा छज्जाचा असेल तर बीम जीवेवर सरळ ठेवून स्लॅब वक्रापर्यंत पुढे काढता येते. आपल्या उदाहरणात ती मध्यावर ३८१ मिलिमीटरच पुढे येते, जे सहज जमते. वक्रावर भिंत बसणार असेल तर मात्र हा मार्ग परस्पर निवडू नये, कन्सल्टंटलाच विचारावे.

उलगडलेले एलेव्हेशन आणि खिडक्या

वक्र भिंतीचे नेहमीचे एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारे ड्रॉइंग, दिसायला बरोबर असते आणि मापायला चुकीचे असते. ३ मीटर त्रिज्येच्या पाव वर्तुळाची भिंत प्रत्यक्षात ४७१२ मिलिमीटर लांब असते, पण एलेव्हेशनमध्ये ती ३००० दिसते, आणि कडेकडे गेलेल्या खिडक्या चिंचोळ्या होतात. म्हणून प्रत्येक वक्र भिंतीचे उलगडलेले एलेव्हेशन काढावे. त्याची आडवी मापे कंसाच्या लांबीची असतात आणि वरच्या कोपऱ्यात ती कोणत्या त्रिज्येवर मोजली आहेत हे लिहिलेले असते. क्लॅडिंगचे सांधे, प्लास्टरच्या खाचा, पाइप आणि इलेक्ट्रिकल पॉइंट यांची जागा याच ड्रॉइंगवर ठरवावी.

खिडकीचा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. वाकवलेली काच महाग असते, तिला वेळ लागतो आणि फुटली तर तशीच पुन्हा मिळवणे कटकटीचे असते. त्यामुळे बहुतेक कामांत चौकट सरळच ठेवतात. १२ मीटर त्रिज्येच्या भिंतीत १२०० मिलिमीटर रुंदीच्या खिडकीचा फुगवटा फक्त १५ मिलिमीटर येतो, म्हणजे सरळ चौकट भिंतीच्या जाडीत सहज लपते. ३ मीटर त्रिज्येच्या भिंतीत त्याच खिडकीचा फुगवटा सुमारे ६१ मिलिमीटर होतो. मग चौकटीचा मध्य भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून खूप आत जातो किंवा तिची टोके बाहेर डोकावतात, आणि वरचा छज्जा तसेच खालची पाणपट्टी दोन्ही असमान दिसतात. अशा ठिकाणी ६०० रुंदीच्या दोन खिडक्या थोड्या कोनात ठेवल्या तर प्रत्येकीचा फुगवटा पुन्हा १५ वर येतो. खिडकीच्या बाजूच्या कडा केंद्राकडे जाणाऱ्या आहेत की एकमेकींना समांतर आहेत हे आराखड्यात दाखवलेच पाहिजे. समांतर ठेवल्या तर चौकट आयताकार राहते आणि फॅब्रिकेटरचे काम सोपे होते.

वीट, सेंट्रिंग आणि लोखंड

कोणताही वक्र शेवटी सरळ तुकड्यांनीच बनतो, म्हणून तुकडा किती लांब चालेल हे ड्रॉइंगनेच सांगावे. स्वीकारता येणारा फरक मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला मिलिमीटरमधल्याच त्रिज्येने आणि आठाने गुणावे आणि वर्गमूळ घ्यावे, की तुकड्याची लांबी मिळते. ६ मिलिमीटर फरक चालत असेल तर १२ मीटर त्रिज्येला सुमारे ७६० मिलिमीटरचा आणि ३ मीटर त्रिज्येला सुमारे ३८० मिलिमीटरचा सरळ तुकडा वापरता येतो. सेंट्रिंगवाल्याला हा आकडा दिला की तो नेहमीच्या प्लायमध्ये स्लॅबची कड करू शकतो. काँक्रीट उघडेच राहणार असेल तर मात्र पातळ प्लाय किंवा पत्रा फर्म्यांवर, म्हणजे वक्राच्या आकारात कापलेल्या साच्यांवर, वाकवावा लागतो आणि फर्म्यांमधले अंतरही द्यावे लागते.

विटेलाही हेच गणित लागते. दीड मीटर त्रिज्येच्या वक्रात २३० मिलिमीटर लांबीची वीट आडवी लावली तर तिच्या मध्याचा फरक साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. तीच वीट डोके, म्हणजे अरुंद बाजू, बाहेर काढून लावली तर तो एक मिलिमीटरवर येतो. उघड्या वीटकामात लहान त्रिज्येवर डोक्याची वीटच लावावी, असे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहावे. प्लास्टर होणार असेल तर फार आग्रह धरू नये.

रेलिंग, ग्रिल आणि लोखंडी फर्म्यांच्या बाबतीत कोल्हापूरकरांची मोठी सोय आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे फौंड्री आणि इंजिनिअरिंगची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत असल्यामुळे वक्र मापात घडवणारे हात, लेझर कटिंग आणि पाइप रोलिंग हाकेच्या अंतरावर आहे. पॅटर्न बनवणारा कारागीर मिलिमीटरच्या अंशात विचार करतो. त्याच्याशी तासभर बोलल्याने आपल्या ड्रॉइंगमधल्या कितीतरी मोघम जागा उघड्या पडतात. त्याला फाइल देताना ती १:१ प्रमाणात आणि मिलिमीटरमध्ये असावी, स्प्लाइन नसावी, एकावर एक दोन रेषा नसाव्यात, आणि पाइपची त्रिज्या आतल्या कडेची की मध्यरेषेची हे लिहिलेले असावे. रोल केलेला पाइप थोडा परत उघडतो, म्हणून तपासणीसाठी पत्र्याचा फर्मा सोबत कापून घ्यावा.

कागदावर पूर्ण आकाराची प्रिंट काढून फर्मा करायचा असेल तर त्यावर दोन्ही दिशांना एक मीटरची तपासणीची रेषा छापावी. पावसाळी हवेत कागद वाढतो, आणि ती रेषा टेपने मोजल्याशिवाय प्लाय कापू नये.

गोल जिना

जिन्याच्या प्रत्येक पायरीचा कोन सारखा ठेवून तीन त्रिज्यांवरची रुंदी द्यावी. आतली त्रिज्या ९००, बाहेरची २१०० आणि प्रत्येक पायरीला १२ अंश असे धरले, तर पायरी आत १८८, मध्यावर ३१४ आणि बाहेर ४४० मिलिमीटर येते. या तीन आकड्यांवरून जिना चालण्याजोगा आहे की नाही हे पायरी ओतण्यापूर्वीच कळते. आतली आणि बाहेरची कड वेगवेगळी उलगडून दोन सेक्शन काढावेत, कारण चढ सारखा असूनही लांबी वेगळी असल्याने दोन्हींचा उतार वेगळा दिसतो, आणि रेलिंगवाल्याला दोन्ही लागतात. डोक्यावरची मोकळी उंची संपूर्ण फेऱ्यात तपासावी. गोल जिन्यात ती अनपेक्षित जागी कमी पडते.

दुहेरी वाकलेले पृष्ठभाग

घुमट किंवा मुक्त आकाराचे छत दाखवताना दोन-तीन सेक्शनवर समाधान मानू नये. पृष्ठभागाचे दर ३०० किंवा ५०० मिलिमीटर उंचीला आडवे छेद घ्यावेत आणि ते समोच्च रेषांप्रमाणे एकाच आराखड्यात दाखवावेत. त्याच पृष्ठभागाचे ठरावीक अंतरावर उभे छेद घेऊन प्रत्येकाचा फर्मा स्वतंत्र ड्रॉइंगवर द्यावा. प्रत्येक फर्म्याला क्रमांक, वरची बाजू आणि कोणत्या अक्षावर तो उभा राहणार हे हवेच. आडव्या आणि उभ्या छेदांच्या छेदनबिंदूंची उंची तक्त्यात दिली की फर्मे उभे केल्यावर लेव्हल लावून तपासता येतात. छतावरचे पाणी कुठून वाहते, कुठे साचू शकते आणि उतार कोठे जवळजवळ शून्य होतो हे वेगळ्या रंगात दाखवावे, कारण वाकलेल्या छतावर वॉटरप्रूफिंगची अडचण नेमकी तेथे येते.

रेव्हिट किंवा ऱ्हायनोचे मॉडेल कॉन्ट्रॅक्टरला द्यायला हरकत नाही, परंतु मॉडेल आणि सही केलेले ड्रॉइंग यांत तफावत आढळली तर काय ग्राह्य धरायचे हे करारात आधीच लिहावे. ड्रॉइंगवरून पट्टीने माप घेऊ नये ही नेहमीची टीप वक्राच्या बाबतीत दुप्पट महत्त्वाची आहे.

मंजुरीचा नकाशा

महापालिकेला सादर करायच्या नकाशात वक्राचे क्षेत्रफळ त्रिकोण, आयत आणि वर्तुळखंड अशा भागांत विभागून हिशेबासह दाखवावे. वर्तुळखंडाचे क्षेत्रफळ दोन तृतीयांश गुणिले जीवा गुणिले फुगवटा या सूत्राने चटकन पडताळता येते. आपल्या भिंतीचे त्यानुसार १.५२ चौरस मीटर येते आणि काटेकोर हिशेबाने १.५३. सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) वक्रावरच्या, हद्दीला सर्वांत जवळ असलेल्या बिंदूपासून, हद्दीला काटकोनात दाखवावे, टोकापासून नव्हे.

ड्रॉइंग बाहेर पडण्यापूर्वी आणि पडल्यानंतर

शेवटची तपासणी ड्रॉइंग न काढलेल्या व्यक्तीने करावी. तिने कोऱ्या फाइलमध्ये फक्त छापलेली मापे वापरून आराखडा पुन्हा काढावा. मूळ फाइल उघडू नये. दोन्ही आराखडे एकमेकांवर ठेवल्यावर जुळले, तर ड्रॉइंग साइटवर जाण्यास योग्य आहे. जेथे तिला माप शोधावे लागले किंवा गृहीत धरावे लागले, तेथे गवंड्यालाही तेच करावे लागणार आहे. या कामाला अर्धा दिवस जातो म्हणून कार्यालये ते टाळतात. माझ्या मते संपूर्ण सेटमध्ये याहून उपयोगी अर्धा दिवस नाही.

त्रिज्या बदलली की तिच्यावर अवलंबून असलेला ऑफसेटचा तक्ता, उलगडलेले एलेव्हेशन, स्लॅबची कड आणि फर्मे हे सगळे बदलते. म्हणून रिव्हिजनची नोंद करताना बदललेल्या शीटबरोबर बाधित झालेल्या इतर शीटचे क्रमांकही लिहावेत आणि जुन्या प्रिंट साइटवरून परत घ्याव्यात. जुना ऑफसेट तक्ता भिंतीला चिकटवलेला राहिला तर तोच वापरला जातो.

लाइनआउटच्या दिवशी स्वतः हजर राहावे, जोते भरण्यापूर्वी वक्राची दोन वेगवेगळ्या जीवांवरून पडताळणी करावी आणि मोजलेले आकडे ड्रॉइंगच्या प्रतीवर लाल शाईने लिहून ठेवावेत. काच, ग्रॅनाइट आणि रेलिंग यांची ऑर्डर ड्रॉइंगवरून न देता, वीटकाम आणि प्लास्टर झाल्यावर जागेवर घेतलेल्या फर्म्यावरून द्यावी, आणि तो फर्मा माल बसेपर्यंत साइटच्या स्टोअरमध्ये क्रमांक टाकून सपाट ठेवावा.